साप चावून घ्यावा कसा? भंडारा जिल्ह्यातील नवशिक्यांसाठी सोपे धडे

प्रस्तावना

साप चावून घेणे हे मोठ्या कष्टाचे काम आहे. नवशिक्यांना हे पटत नाही. पारावरच्या गप्पा ऐकून त्यांची अशी समजूत झालेली असते, की साप म्हणजे दबा धरून बसलेला वैरी. आपण पाऊल घराबाहेर टाकायचा अवकाश, तो धावून आलाच. या भरवशावर राहिलेले कितीतरी उमेदवार जन्मभर धानाच्या बांध्यांत राबूनही कोरेच राहिले.

आपल्या जिल्ह्यात साप कमी आहेत असे मुळीच नाही. वैनगंगा आहे, चुलबंद आहे, मालगुजारांच्या काळातले मामा तलाव आहेत, गावोगाव बोड्या आहेत. सापाला लागते ते सारे इथे हात जोडून उभे आहे : पाणी, बेडूक, उंदीर आणि लपायला बिळे. नको आहे तो फक्त माणूस. विष हे त्याचे शिकारीचे हत्यार. ते अंगात पुन्हा साठायला वेळ लागतो, आणि माणूस काही त्याला गिळता येत नाही. तेव्हा तुमच्या पोटरीत विष ओतणे हा त्याच्या हिशेबाने बुडीत व्यवहार. हा व्यवहार करायला त्याला भाग कसे पाडावे, एवढेच या मार्गदर्शिकेत शिकवले आहे.

धडा पहिला : सापाचा स्वभाव आणि आपले कर्तव्य

सापाला बाहेरून दिसणारा कान नसतो. जमिनीतून येणारे हादरे त्याच्या जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोहोचतात आणि त्यावरून त्याला तुमची चाहूल लागते. चाहूल लागली की तो पायरीपायरीने वागतो. पहिली पायरी म्हणजे सटकणे. सटकायला वाट नसेल, किंवा अंगाचा रंग मातीत मिसळून गेल्याची खात्री असेल, तर दुसरी पायरी : निपचित पडून राहणे. त्यानेही भागले नाही तर तिसरी : बजावणे, मग ते फणा काढून असो की फुत्कारून. आणि सगळेच फसले तर चौथी, म्हणजे दंश.

उमेदवाराला हवी असते चौथी पायरी आणि साप पहिल्या तिन्हींवरच निभावून नेऊ पाहतो. म्हणून सगळे कौशल्य या तीन पायऱ्या हाणून पाडण्यात आहे. अनवाणी आणि हलक्या पावलांनी चाला, म्हणजे त्याला निसटायला सवड मिळणार नाही. अंधारात चाला, म्हणजे तो निपचित पडलेला दिसणार नाही. आणि त्याने बजावलेच, तर थांबू नका, पुढे व्हा.

या बाबतीत देशी आणि विदेशी सापांत फारसा फरक नाही. ऑस्ट्रेलियातला ईस्टर्न ब्राउन नावाचा साप तापट म्हणून जगभर बदनाम आहे. न्यू साउथ वेल्समधल्या लीटन गावाजवळच्या शेतांत पॅट्रिक व्हिटेकर आणि रिचर्ड शाइन या अभ्यासकांनी या सापांच्या माणसाशी झालेल्या साडेचारशेवर गाठी नोंदल्या आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. जवळपास निम्म्या वेळा साप निघून गेला. उरलेल्यांतले बहुतेक जागच्या जागी पडून राहिले. माणसावर चालून आलेले शंभरात तीन-चारही नव्हते. जगातल्या अत्यंत जहाल विषाच्या सापाची ही तऱ्हा. मग आपल्या बिचाऱ्या नागाकडून काय अपेक्षा ठेवावी? उमेदवारांनी मात्र खचून जाऊ नये. कमी पडेल तिथे आपण भर घालायची आहे.

धडा दुसरा : मोसम आणि साहित्य

प्रवेश वर्षभर चालू असला तरी खरा हंगाम मृगापासून दिवाळीनंतरच्या मंडईपर्यंत. देशभरातले निम्मे सर्पदंश-मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात. पावसाने बिळे भरतात, साप कोरड्या जागेकडे सरकतो, आणि कोरडी जागा म्हणजे धुरा, तणशीचा ढीग, गोठा आणि तुमचे घर. त्याच वेळी तुम्ही पऱ्हे खणायला, रोवणीला, निंदणाला बांधीत उतरता. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान कापून पुंजणे लागतात. पुंजण्यात उंदीर येतात, उंदरांमागे नाग येतो. कापणीत विळा धरलेला उजवा हात आणि मूठ धरलेला डावा हात, दोन्ही जमिनीलगत असतात. पावसाळ्यात पाय चुकलाच असेल, तर कापणीत हाताला संधी आहे.

साहित्य अगदी घरगुती. जमिनीवर अंथरायची चटई किंवा कथरी. घरातच साठवलेले धान आणि त्याचा वास लागलेले उंदीर. सांदवाडीत रचून ठेवलेली फाटी, विटा, जुनी कवेलू. भिंतीची बुजवायची राहिलेली भोके. विझलेला किंवा शेजाऱ्याने नेलेला टॉर्च. वीजपंपाला रात्रीच्या पाळीत वीज मिळत असेल तर सोन्याहून पिवळे : मध्यरात्री मोटर चालू करायला धुऱ्याधुऱ्याने जाणे हा या अभ्यासक्रमाचा राजमार्ग आहे.

धडा तिसरा : नाग

नवशिक्याने नागापासून सुरुवात करावी, कारण तो ओळखायला सोपा आणि मिळवायला अवघड आहे. अंगाचा पुढचा भाग उचलून, फासळ्या पसरून तो फणा काढतो. तुम्हाला वाटते ही हल्ल्याची तयारी. प्रत्यक्षात ती तिसरी पायरी आहे. तो सांगतो आहे की मी इथे आहे, तुम्ही तिकडून जा. पुष्कळदा तर तो तोंड मिटूनच झेप घेतो, नुसता धक्का देतो आणि आवरते घेतो. चार पावले मागे सरून स्तब्ध उभे राहिलात तर तो फणा उतरवून निघून जाईल आणि तुमचा सगळा दिवस फुकट जाईल.

यावर उपाय म्हणजे गर्दी. वीस-पंचवीस जण गोळा करा. सापाला भिंतीच्या कोपऱ्यात घ्या. एकाने काठी, एकाने फावडे, एकाने मोबाइल धरावा. आता पहिली पायरी बंद झाली, दुसरी निरुपयोगी ठरली, तिसरी कोणी पाहत नाही. या अवस्थेत नागाला चौथीशिवाय गत्यंतर राहत नाही.

पूरक वाचन : नाग पुंगी ऐकून डोलत नाही, हलत्या पुंगीवर नजर ठेवून तो स्वतः हलतो. नागपंचमीला त्याला दूध पाजणे हा आपला आनंद आहे, त्याचा आहार नव्हे. उपाशी-तहानेला ठेवलेला साप पुढ्यात येईल त्या ओल्या वस्तूला तोंड लावतो. डूख धरून तो वर्षानुवर्षे कोणाला शोधतही नाही. चेहरा लक्षात ठेवून सूड घेणे हा माणसाचाच गुण आहे. नागाचे पिल्लू मात्र अंड्यातून बाहेर पडते तेच विषासकट. तेव्हा ‘लहान आहे’ म्हणून हातात घेणाऱ्या उमेदवाराला सवलत मिळत नाही.

धडा चौथा : मण्यार, अर्थात घरपोच सेवा

रानात जाणे जमत नसेल, त्याने मण्यार निवडावा. काळानिळा तकतकीत रंग, त्यावर पांढरे बारीक पट्टे, साधारण तीन फुटांच्या आसपास लांबी. दिवसा हा इतका सुस्त की डिवचले तर डोके वेटोळ्यात खुपसून घेतो. रात्री मात्र तो उंदीर, पाली आणि लहान सापांच्या शोधात घरात फिरतो. इतर साप कोणते खातो, हे विचारू नका; सापडेल तो खातो.

पद्धत अशी : रात्री जमिनीवर झोपा. मच्छरदाणी लावू नका. लावलीच तर तिच्या कडा अंथरुणाखाली खोचू नका. मण्यार भिंतीकडेने जात असता तुमच्या अंगाला लागेल. तुम्ही झोपेत कूस बदलाल, तो दाबला जाईल, काम होईल. मंडईच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक बघता बघता तणशीवर आडवे झालेल्यांनाही हा धडा लागू आहे.

मण्याराचे दात इतके बारीक की खूण दिसेलच असे नाही. आग नाही, सूज नाही. पुष्कळांना जागसुद्धा येत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा धरल्यासारखे वाटते. घरचे म्हणतात, रात्रीचे काही बाधले असेल. ओवा देतात, पोटाला तेल चोळतात. मग पापण्या जड होतात, उघडता उघडत नाहीत. मग बोलणे अडखळते, गिळता येत नाही, श्वास उथळ होतो. मण्याराचे विष मज्जातंतूंची टोके, जिथून स्नायूंना हुकूम जातो, तीच निकामी करते. एकदा निकामी झालेली टोके प्रतिविषाने परत येत नाहीत. ती पुन्हा वाढेपर्यंत, काही वेळा दिवसचे दिवस, माणसाला यंत्राच्या श्वासावर ठेवावे लागते. म्हणून इथे पहिले काही तास वाया घालवणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण.

आपल्या पूर्व विदर्भाला एक जादा विषयही लाभला आहे : पट्टेरी मण्यार. काळे-पिवळे रुंद पट्टे, दिमाखदार चाल, स्वभाव मवाळ. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेले आहे. पट्टेरी मण्यार त्या यादीत नाही. तो मवाळ आहे हे आपले नशीब, पात्रता नव्हे.

धडा पाचवा : घोणस ऊर्फ परड

परडाला पळायचा कंटाळा. त्याचा सगळा भरवसा दुसऱ्या पायरीवर, म्हणजे पडून राहण्यावर. तपकिरी अंग, पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन ओळी. वाळल्या पाल्यात आणि तणशीत तो असून नसल्यासारखा. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले वेचायला झाडाखाली वाकलेला हात आणि पाचोळ्यातला परड यांची गाठ याच कारणाने पडते.

अगदी जवळ गेलात तर तो अंग फुगवून कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार सोडतो. एवढी मोठी सूचना आपल्याकडचा दुसरा कोणताही साप देत नाही, तेव्हा ती ऐकू येऊ नये याची काळजी उमेदवाराने घ्यावी. कानात इअरफोन घालून धुऱ्यावरून चालणे ही या शतकाने दिलेली देणगी आहे. ‘अजगराचे पिल्लू आहे’ असे म्हणून उचलणे हाही मान्यताप्राप्त मार्ग. घोणस अंडी न घालता एकेका वेळी वीस-वीस, चाळीस-चाळीस पिल्ले देते, आणि ती पावसाच्या तोंडाशी बाहेर पडतात. सराव करायला पिल्लांचा तुटवडा पडत नाही.

याचे विष रक्तात शिरून गोठण्याची सारी शिदोरी संपवून टाकते. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येते, पाय सुजतो, मूत्रपिंडे थकतात. दवाखान्यात याची तपासणी इतकी साधी आहे की विश्वास बसू नये : काचेच्या नव्या, कोरड्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरपी करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे. यंत्र नाही, वीज नाही. फक्त घड्याळ आणि दवाखान्यापर्यंत आलेला माणूस लागतो. तुम्ही तिथे पोहोचलाच नाहीत, तर ही भानगडही उरत नाही.

धडा सहावा : ऐच्छिक विषय

फुरसे कोकणच्या कातळावरचा, कोरड्या उघड्या माळावरचा गडी. आपल्या धानाच्या चिखलात तो सहसा रमत नाही. हा विषय घ्यायचाच असेल तर रत्नागिरीला बदली करून घ्यावी.

धामण, दिवड, कवड्या, तस्कर, नानेटी, डुरक्या घोणस हे बिनविषारी. हे चावले तरी पदवी मिळत नाही. पण त्यांचा एक मोठा उपयोग आहे : त्यांना विषारी समजून मारणे. धामण उंदीर खाते. तिला मारले की उंदीर वाढतात. उंदीर वाढले की नाग येतो. कवड्या मण्यारासारखा दिसतो म्हणून मरतो आणि खरा मण्यार अंधारात असल्याने वाचतो. या हिशेबात दर वर्षी नेमाने भर घालणाऱ्या गावांना साप कमी पडत नाहीत.

धडा सातवा : प्रात्यक्षिक

काठी हातात घेतल्याशिवाय सापाच्या इतके जवळ जायची कोणाला हिंमत होत नाही. म्हणूनच काठी हे अत्यावश्यक साधन आहे. साप मेला असे वाटले की त्याचे डोके बोटाने दाबून पाहावे; तोडलेले डोकेही काही काळ चावू शकते, हे पुष्कळांनी स्वतः तपासले आहे.

यापेक्षा वरच्या वर्गात जायचे असेल तर सर्पमित्र होण्यापूर्वीच सर्पमित्र म्हणवून घ्यावे. शेपटीने साप उचलणे, गळ्यात घालणे, फण्याचा मुका घेणे आणि रील टाकणे असा क्रम आहे. सापांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चे संरक्षण आहे, म्हणजे पकडून खेळ करणे हा गुन्हाही ठरतो. पण प्रेक्षक वाढत असताना असल्या बारीकसारीक गोष्टी कोण पाहतो? खरे जाणते सर्पमित्र लांब काठी आणि पिशवी वापरतात, दोन मिनिटांत काम आटोपतात आणि फोटोसाठी थांबत नाहीत. म्हणून तर ते कंटाळवाणे वाटतात.

धडा आठवा : दंशानंतर वेळ कसा घालवावा

बहुतेक उमेदवार इथवर येऊन हातचे यश घालवतात, कारण ते सरळ दवाखान्यात जातात. तसे करू नये. पुढील क्रम परंपरेने सिद्ध आहे.

प्रथम दंशाच्या वर दोरी करकचून आवळावी. याने विष थांबत नाही, रक्त थांबते, आणि परडाच्या दंशात तेवढ्यावर पायाचे मांस सडू शकते. नंतर ब्लेडने चिरा द्यावा. रक्त गोठण्याची ताकद आधीच गेली असल्यास हा चिरा फार काळ लक्षात राहतो. मग तोंडाने विष ओढावे. कडुनिंबाचा पाला चावायला द्यावा आणि कडू लागतो का ते विचारावे. कोंबडीची पिल्ले आणून एकामागून एक जखमेला लावावीत. त्यात पिल्ले मरतात आणि अर्धा तास जातो, दोन्ही गोष्टी साधतात.

यानंतर मांत्रिक. मांत्रिकाचा हात गुणाचा असतो, हे आकड्यांनीच सिद्ध होते. गावात चावणारे बरेच साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. कोरडा दंश करून तो वेळ मारून नेतो. हे सगळे रोगी मंत्राने बरे होतात. जे उरतात, त्यांची वेळ आलेली होती असे सांगतात. अशी व्यवस्था असताना मांत्रिकाला अपयश येईलच कसे?

दवाखान्यात जाणे अगदीच टळत नसेल, तर सापाला शोधून, मारून, पिशवीत घालून मगच निघावे. डॉक्टरांना साप लागत नाही. ते पापण्या, श्वास, सूज आणि नळीतले रक्त पाहून ठरवतात, आणि दुरून काढलेला मोबाइलचा फोटोही पुरतो. पण शोधाशोधीत तास जातो आणि कधी कधी त्याच सापाला दुसरा उमेदवारही मिळतो.

जाणकारांसाठी एवढे सांगितले पाहिजे, की प्रतिविष हे घोड्यांच्या रक्तापासून बनते. घोड्याला विषाच्या लहान लहान मात्रा टोचतात, त्याच्या रक्तात विषाला बांधणारी प्रथिने तयार होतात, ती गाळून कुपीत भरतात. मुंबईची १८९९ सालची हाफकिन संस्था या कामासाठी महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. विषबाधा दिसली की साधारण आठ-दहा कुप्यांपासून सुरुवात होते, आणि लहान मुलाला मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते. कारण मूल पाहून सापाने विष कमी सोडलेले नसते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष बांधते. स्नायूंत, मूत्रपिंडात जे बिघडून गेले ते परत आणत नाही. दोरी, पाला, पिल्ले आणि मंत्र यांत गेलेला वेळ म्हणूनच कोणत्याही कुपीत भरून मिळत नाही.

धडा नववा : परदेशी शिक्षणाचा मोह टाळा

काही हुशार मुलांना वाटते, की ऑस्ट्रेलियात जावे. तिथे इनलँड तायपान आहे. उंदरांवर केलेल्या चाचण्यांत त्याच्याइतके जहाल विष दुसऱ्या कोणत्या जमिनीवरच्या सापाचे निघालेले नाही. शिवाय ब्राउन आहे, टायगर आहे. पण निकाल पाहा : सबंध ऑस्ट्रेलिया खंडात सापाने मरणारी माणसे सरासरीने वर्षाला दोनेक. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या घरात. त्यांतली पाव हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांखालची मुले.

विष तिकडे जास्त, मरण इकडे जास्त. हे कसे? तिकडचा माणूस पलंगावर झोपतो, बूट घालून बाहेर पडतो, शेतात यंत्रावर बसतो. साप चावला तर स्वस्थ पडून राहतो आणि अँब्युलन्स त्याच्याकडे येते. सापाने दोन्हीकडे तेच केले : निसटला, निपचित राहिला, बजावले, आणि शेवटी चावला. फरक पडला तो जमीन, अंधार, अनवाणी पाय आणि वेळ यांनी. तेव्हा गुणवत्तेसाठी परदेशी जायची गरज नाही. भंडाऱ्याहून नागपूरच्या रस्त्यालाही लागू नये. जिथे आहात तिथेच थांबावे.

धडा दहावा : नापास होण्याची कारणे

खालील चुका केल्यामुळे दर वर्षी असंख्य उमेदवार नापास होतात. त्या कटाक्षाने टाळाव्यात.

रात्री खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचणे. अंधारात टॉर्चशिवाय आणि पायांत काही घातल्याशिवाय अंगणातसुद्धा न उतरणे. धुऱ्यावरून जाताना काठी आपटत चालणे. फाटी, तणस, विटा घरापासून दूर रचणे. धान झाकून ठेवणे आणि उंदरांची बिळे बुजवणे. पुंजण्यात, बिळात, कवेलूच्या फटीत न बघता हात न घालणे. साप दिसला तर लांब उभे राहून त्याला जायला वाट देणे. घरात शिरला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवणे.

आणि चावलाच, तर सगळ्यांत मोठी चूक : रोग्याला धीर देणे, चालू-पळू न देणे, अंगठी, कडे, जोडवी काढून घेणे, चावलेला अवयव मोडलेल्या हाडासारखा फळीला सैल बांधून हलू न देणे, काही न आवळता, न कापता १०८ ला फोन करून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेणे. पहाटे उठून पोट दुखते आणि डोळे उघडत नाहीत असे मुलाने सांगितले, तर ओवा न देता आधी मण्याराची शंका घेणे. ही एकच चूक केली तरी उमेदवार बहुधा वाचतो आणि अभ्यासक्रमाची नाचक्की होते.

गुणवत्ता यादी

इथवर वाचून शहरातला वाचक म्हणेल, की साप चावून घेणे हे अडाण्याचे काम. यादी काढून पाहिली तर तसे दिसत नाही. तीत पहिले नाव रोवणीच्या मजूर बाईचे आहे. तिला गमबूट माहीत नाहीत असे नाही. बांधीच्या चिखलात गमबूट रुततो आणि पाय बाहेर येतो, म्हणून ती अनवाणी उतरते. दुसरे नाव रात्रीच्या विजेवर मोटर लावणाऱ्या शेतकऱ्याचे आहे. वेळापत्रक त्याने ठरवलेले नाही. तिसरे, एका खाटेवर सगळे मावत नाहीत म्हणून खाली झोपलेल्या मुलाचे. यांपैकी कोणीही हा अभ्यासक्रम निवडलेला नव्हता. आम्ही वर ज्याला साहित्य म्हटले, ती त्यांच्या घरची परिस्थिती आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. भारत सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे त्यात लिहिले आहे. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. पण ती सातबारा नावावर असलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबासाठी आहे. दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणाऱ्या भूमिहीन बाईला धानाचा चिखल लागू आहे, योजना लागू नाही.

सापाला शिकवण्यासारखे काही नाही. तो आधीच आपल्याला टाळतो. शिकायचे आणि करायचे आहे ते आपल्याला. दिवसा वीज, घराघरांत खाट आणि मच्छरदाणी, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आणि ते द्यायला बसलेला डॉक्टर, आणि मजुराला शेतकऱ्याइतकेच संरक्षण, एवढे ग्रामसभेत मागून घ्या. तोपर्यंत निदान १०८ हा आकडा घरातल्या लहान मुलालाही पाठ करून द्या.